रुग्णालयाचे दप्तर

बंगळूर शहराच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे जुने देऊळ आहे. काडु म्हणजे रान. आज त्या देवळाभोवती रान उरलेले नाही. संपिगे रस्त्यावरची दुकाने, फुलवाल्या आणि मोटारींची गर्दी तेवढी आहे. मराठी माणसाने तेथे क्षणभर थांबावे असे एक कारण मात्र आहे. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आल्यानंतर हा मुलूख काही दशके भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजीराजे, यांनी इ. स. १६६९ मध्ये या मल्लेश्वराला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा शिलालेख तेथे आहे. जहागीर गेली, भोसले तंजावरास गेले, राज्ये उलथली. नोंद मात्र राहिली.

ही नोंद साडेतीनशे वर्षे टिकली याचे श्रेय आपण दगडाला देतो. माझ्या मते ते पूर्णपणे दगडाचे नव्हे. त्या अक्षरांच्या मागे जमीन होती, आणि जमिनीच्या मागे ती राखणारी माणसे होती. ज्या नोंदीत कोणाचा तरी हितसंबंध गुंतलेला असतो, ती नोंद जपली जाते. सरकारी नोकरीत दप्तराशी सतत संबंध येत असल्याने हा नियम मला रोज प्रत्ययास येतो. सारा, जमीन, तंटा, खून यांचे कागद आम्ही कडीकुलपात ठेवतो. आजारी माणसाच्या कागदाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आजाराची हकीकत लिहून ठेवण्यात कोणाचा हितसंबंध असतो? उत्तर सोपे वाटते: त्या आजाऱ्याचा. इतिहास पाहू गेल्यास मात्र दिसते की हे उत्तर सुचावयास जगाला फार उशीर लागला.

पेशवाईतले एक उदाहरण घ्या. माधवराव पेशवे क्षयाने थेऊर येथे १७७२ मध्ये निवर्तले. त्यांच्या शेवटच्या आजाराविषयी पत्रांतून बरीच माहिती मिळते. पण ही पत्रे लिहिणाऱ्यांना पुढच्या वैद्यासाठी काही लिहून ठेवावयाचे नव्हते. गादीचे काय होणार, कारभार कोणाच्या हाती जाणार, याची ती चिंता आहे. राजाचा देह हा राज्याचा विषय असल्यामुळे त्याचा आजार कागदावर आला. त्याच वर्षी त्याच रोगाने पुण्याच्या पेठांतून किती माणसे गेली, त्यांना कोणी काय दिले आणि कशाने कोणाला आराम पडला, हे त्या दप्तरांत शोधू नये. वैद्य आपले अनुभव शिष्याला सांगत, किंवा सांगतही नसत. ते त्यांच्याबरोबर जात.

इंग्रजी अमलात रुग्णालये आली. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, शेजारी जमशेटजी जीजीभाई रुग्णालय उभे राहिले, आणि नोंदवह्याही आल्या. पण प्रथम आल्या त्या मोजणीच्या वह्या. किती आले, किती गेले, किती मेले. ज्या यादीवरून आज जगभर रोगांना सांकेतिक क्रमांक दिले जातात, तिचाही जन्म असाच आहे. जाक बेर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये ती मांडली, तेव्हा ती मृत्यूच्या कारणांची यादी होती. जे मरत नाहीत, नुसते आजारी पडतात, त्यांना या यादीत पूर्णपणे जागा मिळाली ती १९४८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली तेव्हा. पंचावन्न वर्षे केवळ मेलेल्यांची वर्गवारी सुधारत होती!

आपल्याकडे मोजणीच्या नोंदीने काय केले हे प्लेगच्या वर्षांत दिसले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, आणि रोग्याची खबर सरकारला देणे ही नुसती शिष्टाचाराची बाब राहिली नाही. घरात कोणी तापाने पडला की त्याचे नाव वहीत चढे. आणि नाव चढले की रोगी प्लेगच्या इस्पितळात, घरची माणसे छावणीत आणि सामानसुमान जाळावयास किंवा धुवावयास बाहेर. पुण्यात त्या वर्षी काय घडले ते श्रोत्यांना ठाऊकच आहे. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे की लोकांनी रोगी लपविले. माळ्यावर लपविले, प्रेते रात्री हलविली. त्यांना अडाणी म्हणणे सोपे होते, आणि त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ते म्हटलेही. परंतु ज्या वहीत नाव गेल्याने आपल्या माणसाला औषधाचा थेंबही अधिक मिळत नाही, उलट घर मोडते, त्या वहीत खरे नाव कोण घालील? वही साथीसाठी होती, माणसासाठी नव्हती.

प्लेग आगगाडीच्या मार्गाने दक्षिणेकडे सरकला आणि ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळूरला पोहोचला. जुन्या पेटेतील घरे दाटीची, गल्ल्या अरुंद. म्हैसूर सरकारने शहराबाहेर नवी वस्ती आखावयास आधीच घेतली होती. साथीने त्या कामाला वेग दिला. दक्षिणेस बसवनगुडी आणि वायव्येस मल्लेश्वरम या वसाहती त्यातून वर आल्या. सरळ रस्ते, क्रमांक दिलेले आडरस्ते, घराच्या मागे सफाईसाठी स्वतंत्र गल्ली, आणि अंगणात वारा खेळेल इतकी मोकळी जागा. व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन १९०० मध्ये झाले. पुढे मल्लेश्वरमलाही सरकारी रुग्णालय झाले; केंपुचेलुवाजम्मण्णी यांच्या नावाचे ते रुग्णालय लोक के. सी. जनरल म्हणून ओळखतात. तेव्हा मल्लेश्वरमची ही वस्तीच एका अर्थी वैद्यकीय नोंदीचे अपत्य आहे. कोणत्या पेठेत किती मेले हे लिहिले गेले, म्हणून शहर कोठे मोकळे करावयाचे ते कळले. मोजणीला मी नावे ठेवीत नाही. तिचे काम मोठे आहे. ते निराळे आहे, इतकेच.

रोग्याच्या कामी येणारी नोंद कशी असते याचा एक दाखला त्याच प्लेगच्या इतिहासात आहे, आणि तो मोठा करुण आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईस प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ लोकांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हाहाकार उडाला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. पण प्रत्येक बाटलीवर क्रमांक होता, आणि कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली हे कळण्याजोगे होते. ते १९ जण एकाच बाटलीचे निघाले. तिचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नव्हते. पुढे सर्व कागदपत्रे बाहेर आली तेव्हा दिसले, की ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठविला आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. त्या बाटलीवर आकडा नसता तर? एक थोर माणूस कलंकित राहिला असता हे तर खरेच. पण लसीवरचा लोकांचा विश्वास उडून पुढे किती जीव गेले असते याचा हिशेब कोण मांडणार? आजही बाळाला लस देताना परिचारिका बाटलीचा तुकडी-क्रमांक लिहून ठेवते, ते निरर्थक कारकुनी काम नव्हे.

रुग्णालयाच्या आतल्या कागदांविषयी तक्रार केली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करणाऱ्या आणि हिंदुस्थानातील आरोग्यावर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या याच बाई. १८६३ मध्ये रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी खेदाने नमूद केले, की एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करता येईल अशा नोंदी शोधूनही मिळत नाहीत. पैसा कसा खर्च झाला हे कळते. त्या पैशाने रोग्याचे भले झाले की नुकसान, हे कळत नाही.

यानंतरचे मोठे पाऊल अमेरिकेत पडले आणि ते दिसावयास अगदी साधे आहे. मेयो क्लिनिकमध्ये प्रत्येक डॉक्टरची स्वतंत्र जाड वही असे. रोगी तीन डॉक्टरांकडे गेला की त्याचा आजार तीन वह्यांत वाटला जाई. हेन्री प्लमर या डॉक्टरने १९०७ मध्ये व्यवस्था उलटी केली: वही डॉक्टरची नको, पाकीट रोग्याचे असावे, रोग्याला एक क्रमांक द्यावा आणि त्याचे सर्व कागद, कोणीही लिहिलेले असोत, त्याच पाकिटात जावेत. आमच्या कचेऱ्यांतील ‘एक विषय, एक फाईल’ या नियमासारखाच हा नियम. पण येथे विषय जिवंत माणूस आहे.

त्याच सुमारास बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा शल्यविशारद याहून अवघड गोष्ट मागत होता. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड करावे, त्यावर तक्रार, निदान, शस्त्रक्रिया लिहावी आणि वर्षभराने त्याला गाठून काय झाले तेही लिहावे. आपण बरा केलेला माणूस खरोखर बरा राहिला काय? मोठ्या रुग्णालयाला हा प्रश्न रुचला नाही. कॉडमनने स्वतःचे लहान रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रोग्यांचा वृत्तान्त छापला. त्यात आपल्या १२३ चुका त्याने स्वतः नोंदविल्या. व्यवसाय बुडाला. आपल्या चुकांची यादी छापणारा अधिकारी मला तरी आजवर भेटलेला नाही, आरशातही नाही.

रुग्णालयातील नोंदखोली चालते कशी, याची कल्पना बाहेरच्याला नसते. आपण सकाळी खिडकीपाशी रांग लावतो, केसपेपर काढतो आणि डॉक्टरपर्यंत पोहोचतो. एवढेच आपल्याला दिसते. वॉर्डातून रोगी घरी गेला की त्याचे सारे कागद नोंदखोलीत येतात. तेथे ते क्रमाने लावतात, सही राहिली असेल, शस्त्रक्रियेची टीप नसेल, संमतिपत्र रिकामे असेल, तर परत पाठवितात. मग रोगाला सांकेतिक क्रमांक देतात, सूचीत चढवितात आणि फडताळात ठेवतात. पोलीस प्रकरणांचे कागद वेगळ्या कपाटात. ठेवण्याची एक युक्ती मला फार आवडली. समजा क्रमांक ४८-२७-६३ आहे. आपण तो डावीकडून वाचू. नोंदखोलीतला माणूस उजवीकडून वाचतो. आधी ६३ क्रमांकाचे फडताळ, त्यात २७ चा कप्पा, त्यात ४८ वे पाकीट. यामुळे आज दाखल झालेल्या शंभर रोग्यांचे कागद शंभर फडताळांत विखुरतात. सगळे कारकून एकाच कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत, आणि जुने कागद काढले तरी सर्वत्र सारखी जागा रिकामी होते. पाकीट बाहेर गेले की त्याच्या जागी खूणचिठ्ठी उभी ठेवावयाची: कोणी नेले, कोठे नेले, कधी. ती चिठ्ठी ठेवण्याचा कंटाळा केला की पाकीट हरवलेच म्हणून समजावे. आमच्या अभिलेखकक्षातही अगदी असेच होते.

आता एक घरचा अनुभव. माझी आत्या लग्न होऊन मल्लेश्वरमला गेली आणि तिथलीच झाली. काही वर्षांपूर्वी एका रात्री तिला तापाच्या भरात शुद्ध राहीना, म्हणून शहरातल्या एका रुग्णालयात नेले. दोन वर्षांपूर्वी ती तेथेच महिनाभर होती. माझ्या आतेभावाने आडनावाने जुना क्रमांक विचारला. तो सापडला नाही. म्हैसूर भागात माणसाचे नाव आद्याक्षरांनी सुरू होते, आडनाव बहुधा लिहीत नाहीत. आधीच्या खेपेस कोणी कारकुनाने आमचे मराठी आडनाव एका अक्षरात गुंडाळून आत्याला तिच्या पाळण्यातल्या नावाने दाखल केले होते. नवा क्रमांक पडला, नवा कोरा केसपेपर निघाला. नोंदखोलीला कुलूप होते. किल्ली सकाळी नऊ वाजता येणाऱ्या माणसाकडे. औषधांची काही बाधा आहे काय, असे डॉक्टरांनी विचारले, पण आतेभावाला आठवेना. इंजेक्शन दिले गेले. पाच मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. कामावर असलेल्या तरुण डॉक्टरने अत्यंत तत्परतेने उपचार केले म्हणून आत्या वाचली. तीन दिवस मात्र जिवाची आशा नव्हती. दुसऱ्या दिवशी जुने पाकीट मिळाले. पहिल्याच पानावर तांबड्या शाईने, ठळक, दोनदा अधोरेखित करून लिहिले होते की हे औषध या बाईंना चालत नाही.

मला राग आला तो त्या रुग्णालयाचा नव्हे. ते पाकीट नीट ठेवलेले होते, त्याला वाळवी लागली नव्हती, एकही पान गहाळ नव्हते. माझ्या कचेरीची तपासणी झाली असती तर अशा दप्तराला मी उत्तम शेरा दिला असता. आम्ही अभिलेख किती सुरक्षित आहे हे पाहतो; मध्यरात्री तो किती मिनिटांत हाती येईल, हे कधी विचारीत नाही. जमिनीच्या कागदाला सकाळपर्यंत थांबता येते.

आणि काळाचा प्रश्न आहेच. महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘ड’ वर्षभराचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी दाखल झालेल्या रोग्याचे कागद किमान तीन वर्षे ठेवावयास सांगितले. सातबाऱ्याला पिढ्या, देहाला तीन वर्षे! रुग्णालये अधिक काळ ठेवू शकतात आणि चांगली रुग्णालये ठेवतातही. परंतु लहानपणी हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या मुलीला तिच्या बाळंतपणात तो कागद लागतो, तेव्हा तीन वर्षांची मर्यादा कोणाच्या सोयीची होती हे ध्यानात येते. त्याच विनियमांत, रोग्याने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्यात असेही आहे. त्यापूर्वी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, गोपनीयतेचे कारण सांगून रोग्याला किंवा त्याच्या नातलगाला कागदाची प्रत नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला होता. ज्याचे रहस्य त्याच्यापासूनच लपवावयाचे, हा विचित्र प्रघात त्याने मोडला. निदान कायद्यात मोडला.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ केला. चौदा आकड्यांचा एक आरोग्य क्रमांक, आणि रोग्याच्या संमतीने एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला दिसावी अशी योजना. प्लमरचे पाकीट आता सर्व देशाचे होऊ पाहत आहे. मी याचे स्वागत करतो. पण एक सावधगिरी मनात असते. लोक प्लेगच्या वहीला का भ्याले ते आपण पाहिले. आपले नाव ज्या वहीत जाते तिच्यातून आपल्याला औषध मिळणार की उपद्रव, हे माणूस आधी ताडतो आणि मगच खरे सांगतो. क्षयाचा, मनोविकाराचा, गुप्तरोगाचा रोगी हे विशेष ताडतो. शिवाय यंत्रात एकाच बाईची तीन नावे तीन क्रमांकांवर सुखाने नांदू शकतात. फडताळापेक्षा अधिक सुखाने.

गेल्या दिवाळीत मल्लेश्वरमला गेलो होतो. आत्या आता पंचाऐंशीची आहे. खुंटीला एक जाड कापडी पिशवी अडकवलेली असते; डॉक्टरकडे जावयाचे असो वा नसो, ती जागची हलत नाही. डिस्चार्ज कार्डे, रक्ताचे अहवाल, क्ष-किरणांची पाकिटे, औषधांच्या चिठ्ठ्या, सारे सालवार. मी गमतीने म्हटले, “आत्या, तुझं दप्तर आमच्या कचेरीपेक्षा नीट आहे.” ती म्हणाली, “माझं दप्तर माझ्यापाशीच बरं रे.” मग चष्मा लावून तिने पिशवीतला सर्वांत वरचा पुठ्ठा काढून दाखविला. त्यावर तिने स्वतःच्या हाताने तांबड्या शाईत त्या औषधाचे नाव तीन लिप्यांत लिहिले आहे: कन्नड, देवनागरी आणि रोमन. खाली आपले नाव लिहिले आहे, तेही तिन्ही प्रकारे: आद्याक्षरांसह, आडनावासह आणि पाळण्यातले.